औषध बदलण्याआधी नळीची तारीख विचारा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून लेख प्रसिद्ध होतात. बडोद्यात राहूनही मराठी वृत्तपत्र रोज वाचणाऱ्या घरांपैकी आमचे एक घर आहे आणि असे लेख मी कापून ठेवते. त्यांत सांगितलेले असते ते खरेच असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नये, सर्दी-पडशाला त्याचा उपयोग नसतो, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत, कोंबड्यांच्या खाद्यात ही औषधे मिसळू नयेत, ही सारी वाक्ये पुन्हापुन्हा छापली गेली पाहिजेत. तरीही हे लेख वाचताना एक उणीव मला सतत जाणवत आली आहे. सगळी चर्चा गोळीभोवती आणि ती घेणाऱ्या माणसाच्या चुकीभोवती फिरते. जीवाणू शरीरात नेमका कुठे आणि कशा स्थितीत राहतो, याचा उल्लेख जवळजवळ कधीच येत नाही. एकाच जातीचा जीवाणू लघवीत सुटा तरंगत असेल तर साध्या औषधाने मरतो आणि तोच एखाद्या नळीच्या आतल्या भिंतीला थर करून बसला असेल तर त्याच औषधाच्या कित्येक पट मात्रेलाही पुरून उरतो. या थराला बायोफिल्म म्हणतात. हा विषय आता घरोघरच्या आजारी माणसांच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

येथील एका खासगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीव विभागात मी ३१ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले. लघवीचा, पुवाचा, रक्ताचा आलेला नमुना प्लेटवर पसरायचा, ती इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, दुसऱ्या दिवशी उगवलेल्या वसाहतींवरून जीवाणू ओळखायचा आणि मग त्याची 'सेन्सिटिव्हिटी' लावायची, हे माझे रोजचे काम होते. ही सेन्सिटिव्हिटी म्हणजे काय, हे रिपोर्ट हातात घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. प्लेटवरच्या वसाहतीतले जीवाणू सलाईनमध्ये कालवून ठरावीक गढूळपणाचा द्राव करतात, तो मुलर-हिंटन अगार या जीवाणू वाढवण्याच्या पोषक माध्यमाच्या दुसऱ्या प्लेटवर कापसाच्या बोळ्याने सारवतात आणि त्यावर औषध शोषलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात. १६ ते १८ तासांनी पाहिले की ज्या चकतीच्या औषधापुढे जीवाणूंना उगवता आलेले नसते तिच्याभोवती स्वच्छ गोल दिसतो. तो गोल पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि औषधाच्या नावापुढे 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडते) किंवा 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे लागू पडत नाही) लिहायचे. बॉअर आणि किर्बी यांच्या १९६६ सालच्या निबंधापासून ही पद्धत प्रमाणित झाली आणि आजही ती जगभर चालते. पद्धत उत्तम आहे, मी तिच्यावर आयुष्य काढले आहे. पण या तपासणीत वापरलेले जीवाणू ताजे, भरपूर अन्न मिळालेले आणि झपाट्याने दुणावणारे असतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. थरात बसलेला जीवाणू तसा नसतो. म्हणजे 'एस' हे अक्षर सुट्या जीवाणूविषयी खरे सांगते आणि थरातल्या जीवाणूविषयी काहीच सांगत नाही.

हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. अनुभवास आले ते माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात. अण्णा तेव्हा ८४ वर्षांचे होते. प्रोस्टेट वाढून त्यांची लघवी तुंबली, हृदय अशक्त असल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, आणि लघवीची नळी, वॉर्डात जिला सगळे 'फोलीज' म्हणतात ती, घालून शहरातल्या एका नर्सिंग होममधून त्यांना घरी पाठवण्यात आले. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी होती, पथ्य होते, पुन्हा दाखवण्याची तारीख होती. नळी कोणत्या दिवशी घातली आणि ती कधी बदलायची, याची एक ओळही नव्हती. तीन आठवड्यांनी अण्णांना हुडहुडी भरून ताप आला. लघवी तपासली, प्रोटियस नावाचा जीवाणू निघाला, रिपोर्टात सात औषधांपुढे 'एस' होते. गोळ्या सुरू केल्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, घरात सर्वांना हायसे वाटले. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तीच हुडहुडी. पुन्हा तपासणी, तोच जीवाणू, आणि या वेळी 'एस' पाच औषधांपुढे. दुसरे औषध दिले; ताप उतरला आणि पुन्हा चढला. तिसऱ्या रिपोर्टात दोनच 'एस' उरले होते आणि ती दोन्ही शिरेतून द्यायची इंजेक्शने होती. नळी मात्र पहिल्या दिवसापासून तीच होती. सकाळी पिशवी रिकामी करायला येणारा परिचारक रोज सांगे, "बेन, बधुं बराबर छे," आणि वरवर पाहता ते खरेही होते. पिशवी वेळेवर रिकामी होत होती, नळी बाहेरून पुसलेली होती.

नवव्या आठवड्यात ती नळी पूर्ण बंद झाली. ओटीपोट दगडासारखे टणक झाले, अण्णा वेदनेने कळवळू लागले, आणि रात्री साडेदहाला एका तरुण डॉक्टरांनी घरी येऊन ती काढली व नवी घातली. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "काकू, ही नळी कधी घातली होती?" आयुष्यभर हे रिपोर्ट हाताळलेल्या मला त्या प्रश्नाचे उत्तर बोटांवर आठवडे मोजून द्यावे लागले. पहिल्या तापाच्या वेळीच हा प्रश्न मी विचारायला हवा होता, याची खंत मला आजही वाटते.

काढलेली नळी मी फेकू दिली नाही. हातमोजे घालून ती कागदावर ठेवली आणि कात्रीने उभी चिरली. मूत्राशयात असलेल्या टोकाकडे आतली पोकळी जवळजवळ उरलीच नव्हती. भिंतीला पिवळट, शेंबडासारखा बुळबुळीत थर चिकटलेला होता आणि त्याच्या आतबाहेर पांढुरके कण साचलेले होते, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरमध्ये साचतात तसे. बोटांत चुरडले की ते रांगोळीसारखे खरखरीत लागत. अमोनियाचा वास नाकाला झोंबत होता. दुसऱ्या दिवशी तो थर खरवडून मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत नेला. ग्रॅम स्टेन या पद्धतीने रंगवलेल्या काचपट्टीवर जीवाणू सुटे दिसेनात. फिकट गुलाबी, धुरकट पसाऱ्यात ते पुंजक्यापुंजक्यांनी रुतलेले होते, बहुतेक गुलाबी दांडके आणि मधूनमधून जांभळे गोळे. ब्लड अगारवर प्रोटियसने आपल्या सवयीप्रमाणे रात्रीतून एकाबाहेर एक अशा लाटांची वर्तुळे उमटवली होती. ती प्लेट उघडताच येणारा माशांसारखा उग्र वास ओळखायला मला तक्ता पाहावा लागत नाही. मॅककाँकी अगारवर वेगळे काढून पाहिले तेव्हा त्याच थरात ई. कोलाय सापडला, आणि जांभळे गोळे एंटरोकोकसचे निघाले. तीन जातींचे जीवाणू एका थरात नांदत होते आणि आमच्या तिन्ही रिपोर्टांत एकाचेच नाव होते, कारण प्रोटियस प्लेटभर पसरला की बाकीचे त्याच्याखाली झाकले जातात.

नळीत नेमके काय घडते ते सांगते. रबराची असो वा सिलिकॉनची, नळी शरीरात गेल्यावर काही वेळातच तिच्यावर लघवीतल्या प्रथिनांचा पातळ लेप बसतो. त्या लेपाला काही जीवाणू चिकटतात, प्रथम सैल आणि मग पक्के. त्यांची संख्या वाढू लागली की ते एकमेकांना रासायनिक खुणा करू लागतात. सभेला गणपूर्ती झाली की कामकाज सुरू व्हावे, तशी पुरेशी संख्या जमल्याची जाणीव त्यांना या खुणांच्या वाढत्या प्रमाणावरून होते आणि त्यांची वागणूक बदलते. मग ते स्वतःभोवती शर्करेच्या लांब साखळ्या, प्रथिने आणि मेलेल्या सोबत्यांचे डीएनए यांचा चिकट गिलावा घालतात. वाळवून वजन केले तर अशा थरात जीवाणू थोडे आणि गिलावाच फार भरतो. प्रोटियस याच्या जोडीला आणखी एक करतो: त्याचे युरिएझ नावाचे विकर (एन्झाइम) लघवीतल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करते, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यात विरघळलेले मॅग्नेशियम व कॅल्शियमचे क्षार फॉस्फेटचे खडे बनून थरात साचतात. अण्णांच्या नळीतली रांगोळी ती हीच.

आपण असा थर कधी पाहिला नाही असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आपल्या घरचा माठ आठवावा. चार दिवस घासला नाही तर आतून हाताला जो बुळबुळीतपणा लागतो तो याच प्रकारचा. माठात कितीही स्वच्छ पाणी ओतले तरी तो निघत नाही, काथ्या घेऊन घासावाच लागतो, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. दातांवर बसणारे किटणही बायोफिल्मच आहे, आणि माणसाने पाहिलेली पहिली बायोफिल्म बहुधा तीच. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक यांनी स्वतःच्या हाताने घासलेल्या भिंगातून दातांवरचे किटण पाहिले आणि त्यात हलणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. पुढच्याच वर्षी त्यांनी असे नोंदवले की व्हिनेगरने दात धुतल्यावर किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव तेवढे मेले, व्हिनेगर आतपर्यंत पोहोचलेच नाही. प्रतिजैविकांचा शोध लागायला तेव्हा अडीचशे वर्षे अवकाश होता, पण आज वॉर्डावॉर्डांत जे घडते त्याचे चित्र त्या एका निरीक्षणात आहे.

अर्थात औषध आत पोहोचत नाही, एवढेच कारण असते तर प्रश्न सोपा होता. मात्रा वाढवून भागले असते. काही औषधे गिलाव्यात खरोखरच अडकतात. अमिकासिनसारख्या औषधांवर धन विद्युतभार असतो आणि गिलाव्यातले पुष्कळसे पदार्थ ऋणभारित असतात, त्यामुळे औषध वाटेतच बांधले जाते. पेनिसिलीन-वर्गातली औषधे तोडणारी जी विकरे जीवाणू सोडतात तीही थरात साठून राहतात. पण काही औषधे थराच्या तळापर्यंत बऱ्यापैकी पोहोचतात आणि तरीही तळाचे जीवाणू मरत नाहीत. याचे कारण असे की वरच्या जीवाणूंनी अन्न आणि प्राणवायू आधीच वापरलेला असतो, तळाशी दोन्हींची टंचाई असते, आणि उपाशी जीवाणू वाढणे थांबवतो. पेनिसिलीन आणि त्याची भावंडे जीवाणूची भिंत बांधली जात असताना तिच्यात खोट घालतात. ज्याने बांधकामच बंद ठेवले आहे त्याचे ती काय बिघडवणार? अमिकासिनला जीवाणूच्या आत शिरायलाच प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते, त्यामुळे प्राणवायू नसलेल्या थरात तेही दुबळे पडते. थरातले जीवाणू मारण्यासाठी सुट्या जीवाणूंच्या १० ते १००० पट औषध लागते असे मोजमाप वारंवार नोंदले गेले आहे, आणि तेवढे औषध माणसाला देता येत नाही. जीवाणूच्या आधी मूत्रपिंडे जातील.

त्यातही काही जीवाणू जवळजवळ निद्रिस्त असतात. १९४४ साली जोसेफ बिगर या आयरिश वैद्यकतज्ज्ञांनी पेनिसिलीन टाकलेल्या द्रावातही स्टॅफिलोकोकसचे अगदी मोजके, सुमारे दहा लाखांत एक, जीवाणू जिवंत राहतात असे दाखवले आणि त्यांना 'टिकून राहणारे' या अर्थाचे नाव दिले. या उरलेल्यांची पुढची पिढी पुन्हा पेनिसिलीनने पूर्वीसारखीच मरते, हे त्यांचे निरीक्षण फार मोलाचे आहे. म्हणजे त्यांच्यात औषधाला हरवणारे जनुक नव्हते; औषध संपेपर्यंत दम धरण्याची स्थिती होती. म्हणून शास्त्रज्ञ या दोन गोष्टींत भेद करतात: जनुकामुळे येतो तो प्रतिरोध आणि स्थितीमुळे येते ती सहनशीलता. अण्णांचा पहिला ताप परतला तो सहनशीलतेमुळे. सुटे जीवाणू मेले म्हणून ताप उतरला, थर जागेवर राहिला, गोळ्या संपल्यावर त्यातून जीवाणू पुन्हा लघवीत सुटले म्हणून ताप परतला. रिपोर्ट खोटा नव्हता, गोळी बनावट नव्हती, अण्णांनी एकही डोस चुकवलेला नव्हता.

मग सात 'एस'चे दोन कसे झाले? माझ्या मते सर्वांत काळजीचा भाग हाच आहे आणि वर्तमानपत्री लेखांत तो गाळला जातो. सहनशीलता ही प्रतिरोधाची पायरी ठरते. थरातला जीवाणू मरत नाही, पण औषध त्याच्यापर्यंत थोडेथोडे पोहोचत राहते, आणि अशा अपुऱ्या मात्रेत आठवडेच्या आठवडे काढताना ज्याच्यात योगायोगाने उपयोगी उत्परिवर्तन झाले तो इतरांच्या पुढे जातो. शिवाय थरात जीवाणू एकमेकांना खेटून असतात. प्लाझ्मिड नावाची डीएनएची सुटी कडी एका जीवाणूतून दुसऱ्यात जायला दोघांचा स्पर्श व्हावा लागतो. वाहत्या लघवीत तो क्वचित होतो, थरात तो सतत असतो. त्यासाठी दोघे एकाच जातीचे असण्याचीही गरज नसते, ई. कोलायजवळचे जनुक प्रोटियसला मिळू शकते. एकाच कडीवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके असतील तर एका देवघेवीत रिपोर्टावरची चार-पाच अक्षरे बदलतात. २००९ साली जगापुढे आलेले आणि कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही निकामी करणारे एनडीएम-१ हे जनुक इतक्या जातींच्या जीवाणूंत पसरले ते अशा कड्यांवर स्वार होऊनच. अण्णांच्या नळीत प्रत्यक्ष कोणती देवघेव झाली हे सिद्ध करण्याची साधने माझ्यापाशी नव्हती. एवढे मात्र निश्चित की तीन जातींचे जीवाणू नऊ आठवडे एका सुरक्षित थरात होते आणि आम्ही वरून एकामागून एक दोन औषधे त्यांना चाखवत होतो.

यावरचे उपाय कुठल्या महागड्या शोधाची वाट पाहत थांबलेले नाहीत. अमेरिकेतील संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेच्या २००९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल, संसर्गाची लक्षणे असतील आणि नळीची गरज अजून संपलेली नसेल, तर ती बदलावी आणि तपासणीचा नमुना नव्या नळीतून घ्यावा. जुन्या नळीतून घेतलेला नमुना मूत्राशयाची स्थिती सांगण्याऐवजी नळीतल्या थराची स्थिती सांगतो. त्याच सूचनांत दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती कुटुंबीयांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे: नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जीवाणू सापडणे हा स्वतःहून आजार नव्हे. नळी घातल्यावर दररोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जीवाणू येतात आणि महिनाभरात जवळजवळ सर्वांच्याच येतात. ताप नाही, थंडी नाही, पोटात दुखत नाही, अशा वेळी केवळ लघवी गढूळ दिसते म्हणून तपासणी करायची आणि रिपोर्टात जीवाणू निघाला म्हणून अँटिबायोटिक द्यायचे, यातून रुग्णाचा फायदा होत नाही आणि थरातल्या जीवाणूंना सराव मात्र मिळतो. माझ्या नोकरीच्या काळात असे कितीतरी नमुने आमच्याकडे येत. पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून "रुग्णाला ताप आहे का?" असे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, ती असायला हवी होती.

चांदीचा मुलामा दिलेल्या नळ्यांविषयी लोक मला विचारतात, म्हणून तेही लिहिते. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि अल्पकाळ घालायच्या नळ्यांत चांदीच्या मुलाम्याचा संसर्ग टाळण्यासाठी उपयोग दिसून आला नाही. जास्तीचे पैसे मोजून निर्धास्त होण्यापेक्षा नळी मुळात घालायची गरज आहे का आणि ती उद्या काढता येईल का, हे दोन प्रश्न विचारणे अधिक फलदायी आहे. अंथरूण ओले होऊ नये, चादरी बदलण्याचा त्रास वाचावा, एवढ्यासाठी नळी ठेवलेली मी पाहिली आहे; परिचारिकांची संख्या अपुरी असली की असे घडते, हे मान्य करूनही ते चूकच आहे. मात्र कोणीही घरच्या घरी नळी ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, ही कळकळीची विनंती. तिच्या टोकाशी मूत्राशयात पाण्याने फुगवलेला फुगा असतो. तो रिकामा न करता नळी ओढली तर आतून गंभीर इजा होते.

हेच थर इतर ठिकाणीही बसतात: डायलिसिसच्या नळीत, व्हेंटिलेटरच्या नळीत, बदललेल्या गुडघ्याच्या सांध्यावर. कृत्रिम सांध्यावर जुना थर बसला की पुष्कळदा सांधाच काढून, जागा साफ करून, काही आठवड्यांनी नवा बसवावा लागतो. अस्थिरोग तज्ज्ञ हे मान्य करतात, कारण त्यांना थर डोळ्यांनी दिसतो. मग वीस मिनिटांत बदलता येणाऱ्या लघवीच्या नळीच्या बाबतीतच आपण आधी तीन औषधे का संपवतो, हे मला कळत नाही.

आपल्या देशात नियम झाले आहेत. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ ही औषधांची यादी लागू झाली आणि तिच्यातली अँटिबायोटिक्स विकताना औषध दुकानदाराने रुग्णाची व डॉक्टरांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. २०१७ साली प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ साली कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध पशुखाद्यात वापरण्यास बंदी झाली. ही पावले योग्यच आहेत. पण अण्णांची एकही गोळी चिठ्ठीशिवाय आलेली नव्हती. नियम पाळूनही प्रतिरोध आमच्या घरात तयार झाला, तो डिस्चार्जच्या कागदावर नसलेल्या एका तारखेमुळे. आमच्या बडोद्याला औषधे नवी नाहीत. अलेंबिक या औषध कंपनीचा कारखाना येथे १९०७ सालापासून आहे आणि पेनिसिलीन या शहरात तयार झालेले आहे. औषध तयार करणाऱ्या गावाने ते वाया न घालवण्यातही पुढे असावे, अशी माझी इच्छा आहे.

त्यासाठी येथील रुग्णालयांना आणि नर्सिंग होमना माझी विनंती आहे की रुग्ण नळीसह घरी जात असेल तर नळी घातल्याची तारीख, ती घालण्याचे कारण, ती कधी काढायची किंवा बदलायची, आणि ताप आला तर प्रथम कोणाला बोलवायचे, एवढ्या चार गोष्टी डिस्चार्जच्या कागदावर मराठीत, गुजरातीत, रुग्णाच्या घरी वाचता येईल त्या भाषेत लिहाव्यात. पिशवी नेहमी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता अडकवायची आणि नळी व पिशवीचा सांधा विनाकारण उघडायचा नाही, कारण बाहेरचे जीवाणू त्या वाटेने आत शिरतात, हे घरी येणाऱ्या परिचारकाला दाखवून द्यावे. त्याला कोणी शिकवलेलेच नसते. प्रयोगशाळांनीही नमुन्याच्या अर्जावर 'नळी आहे का, किती दिवसांची, नमुना नव्या नळीतून घेतला का' असा रकाना ठेवावा. मी नोकरीत असताना असा रकाना मागितला नाही, याची जबाबदारी मी टाळत नाही.

नळी बदलल्यानंतर अण्णांना त्या दोन इंजेक्शनांपैकी एक सात दिवस दिले. मग मी त्यांच्या खाटेच्या दांडीला एक पुठ्ठा बांधला आणि त्यावर नळीची तारीख ठळक अक्षरांत लिहिली. आमचा परिचारक पिशवी रिकामी केली की रोज त्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढी, आणि रेघा वाढल्या की मला न विचारता स्वतःच म्हणे, "बेन, डॉक्टरने पूछी लो," म्हणजे डॉक्टरांना विचारून घ्या. पुढच्या १४ महिन्यांत अण्णांना दोनदा ताप आला. दोन्ही वेळा आधी नळी बदलली, नव्या नळीतून नमुना घेतला आणि मगच औषध सुरू केले; दोन्ही वेळा ताप एका औषधात गेला आणि त्यानंतर लगेच परतला नाही. एका रुग्णावरून नियम सिद्ध होत नाही, हे मला कळते, म्हणूनच वर मार्गदर्शक सूचनांचा आधार दिला आहे.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा प्रतिजैविक प्रतिरोधाविषयी जागृतीसाठी पाळला जातो. त्या आठवड्यात आपल्या दैनिकात येणाऱ्या लेखांत नळीच्या तारखेचा मुद्दा एका चौकटीत छापावा. आमच्या दांडिया बाजारात माझ्या ओळखीच्या तीन घरांत आज असे वृद्ध अंथरुणाला खिळून आहेत. ते कात्रण मी स्वतः नेऊन देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
दांडिया बाजार, बडोदे